घोडामैदान जवळच आहे

मराठी भाषेत घोड्याला जेवढे काम आहे तेवढे मराठी मुलखात आता उरलेले नाही. कुणी आपलेच घोडे पुढे दामटतो, कुणाचे नेमके मोक्याच्या जागी पेंड खाते, कुणाचे वरातीमागून येते आणि एखाद्याचे कसेबसे गंगेत न्हाते. प्रत्यक्षात आम्हा नागपूरकरांना घोडा दिसतो तो लग्नसराईत, आणि तोही वरातीच्या पुढे. तरीसुद्धा परीक्षा जवळ आली की घरोघरची वडीलमंडळी पोरांना "घोडामैदान जवळच आहे" असा दम देतात. यांतल्या बहुतेकांनी घोडाही जवळून पाहिलेला नसतो आणि मैदानही.

ही म्हण शब्दशः खरी असलेले ठिकाण महाराष्ट्रात आहे. मुंबईत महालक्ष्मी स्टेशनवर उतरावे, घोडामैदान खरोखरच जवळ आहे. पुण्यालाही एक आहे. पण पुण्याच्या कुठल्याही गोष्टीवर बाहेरच्याने बोलू नये हा शिष्टाचार मी पाळतो. मुंबईचे तसे नाही. 1953 सालच्या नागपूर कराराला स्मरून दर हिवाळ्यात अख्खे सरकार मुंबईहून आमच्याकडे येते, हुरडा खाते, संत्र्यांच्या पेट्या बांधते आणि जाताना आम्हाला चार सल्ले देऊन जाते. तेव्हा उलट टपालाने एखादा सल्ला आम्हीही पाठवला तर बिघडले कुठे? शिवाय नागपुरात आज रेसकोर्स नाही. ज्या विषयाशी आपला काडीचा संबंध नाही त्यावर मत देताना माणूस किती निःपक्षपाती असतो, हे मी वेगळे सांगायला नको.

वाद काय आहे हे आधी सांगतो, कारण आपल्याकडे वादात भाग घेणाऱ्यांना ते सर्वांत शेवटी कळते.

महालक्ष्मीचे रेसकोर्स 1883 सालचे. त्यापूर्वी ती खाजण जमीन होती. साहेबाने ती पाहिली आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरी कॉलफील्ड नावाचे जे घोड्यांचे मैदान आहे, त्याच्या नमुन्यावर इथे लंबगोल मैदान आखले. 1943 साली इथे पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीने जिंकली. मैदान चालवणारा क्लब 1935 साली 'रॉयल' झाला. पुढे साहेब गेला, 'रॉयल' राहिले. आजही त्याचे नाव रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब असेच आहे. जमीन मात्र क्लबची नव्हे. काही महापालिकेची, बाकीची राज्य सरकारची, आणि क्लब तिथे भाडेकरू. हा भाडेपट्टा 31 मे 2013 रोजी संपला. संपल्यावरही घोडे आणखी अकरा वर्षे धावतच राहिले. भाडेकरार संपल्यावर भाडेकरू अकरा वर्षे राहतो यात मराठी घरमालकाला नवल वाटणार नाही. नवल एवढेच, की इथे घरमालक खुद्द सरकार होते.

या अकरा वर्षांत त्या मैदानाचे काय काय करावे याच्या कल्पनांना ऊत आला. 2013 सालीच, तेव्हा महापालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेने तिथे थीम पार्क करण्याची कल्पना मांडली. नंतर सरकारे बदलली तशा कल्पनाही बदलल्या. शेवटी 2024 साली तोडगा निघाला. एकूण 211 एकरांपैकी 91 एकर क्लबकडे भाडेपट्ट्याने राहतील, घोडे तिथे धावतील; उरलेले 120 एकर महापालिकेकडे येतील आणि तिथे 'सेंट्रल पार्क' होईल. सागरी किनारा रस्त्यासाठी समुद्रात भर घालून जी 175 एकर मोकळी जागा काढली आहे ती याला जोडायची, म्हणजे सुमारे 300 एकरांची बाग होईल. शिवाय जमिनीच्या पोटात क्रीडासंकुल आणि गाड्या ठेवायची सोय. थोडक्यात, वर बाग, खाली इमारत, आणि कडेला घोडे.

हा सगळा मामला मी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळापुढे ठेवला. सिव्हिल लाइन्समधून चालत जाऊन एका टपरीवर तर्री पोहे खायचे आणि चालण्याने जे कमावले ते तिथेच जमा करून रिक्षाने परत यायचे, असे हे मंडळ आहे. मंडळात एक निवृत्त इंजिनिअरसाहेब आहेत, एक वकीलसाहेब आहेत, हायस्कूलमधले एक मास्तर आहेत आणि आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर चालणाऱ्या एक काकू आहेत. मुंबईच्या वर्तमानपत्रांत या वादाचे जेवढे पक्ष निघाले तेवढे सगळे आमच्याकडे पोह्यांची पहिली प्लेट संपायच्या आत निघाले. म्हणून त्या वादाची समीक्षा मी याच नमुन्यावरून करतो. नमुना लहान आहे, पण चोखंदळ आहे.

पहिला पक्ष नीतीचा. तो मास्तरांनी मांडला. "काऊन जी, जुगारासाठी एवढी जागा? भर शहरात?" मास्तरांचा मुद्दा नैतिक असल्यामुळे त्याला लगेच उत्तर देणे कुणालाच जमले नाही; पण वकीलसाहेबांनी कायदा काढला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलेले आहे. कौशल्य कुणाचे, घोड्याचे, जॉकीचे की पैसे लावणाऱ्याचे, हा मास्तरांचा पुढचा प्रश्न पोह्यांबरोबर थंड झाला. मी दोनदा महालक्ष्मीला जाऊन शर्यती पाहिल्या आहेत आणि दोन्ही वेळा खिशात हात घालून उभा राहिलो, तो हात बाहेर काढला नाही. तिथे हातात पुस्तिका घेऊन घोड्याच्या आजीपणजीचा अभ्यास करणारी जी माणसे मी पाहिली, त्यांच्या निम्म्या अभ्यासात माणूस मॅट्रिक पास होईल. तरी हरतात. म्हणजे कौशल्य आहे, पण ते शेवटी घोड्याला ठाऊक असते.

दुसरा पक्ष समतेचा. मूठभर धनिकांच्या करमणुकीसाठी एवढी जमीन का? हा युक्तिवाद टाळ्या घेणारा आहे आणि बराचसा खराही आहे. क्लबाचे सभासद काही गिरणगावातल्या चाळीतून येत नाहीत. पण या युक्तिवादाने एक गोष्ट लपते. मुंबईची शर्यत हिवाळी मोसमात. पावसाळा लागला की घोडे पुण्याला जातात. मोसमातही शर्यत रोज नाही. आणि जी डर्बी पाहायला लोक वर्षभर नवे सूट शिवतात, ती 2400 मीटरांची शर्यत अडीच मिनिटांत आटपते. उरलेल्या वेळात त्या मैदानावर काय चालते? लोक चालतात. सकाळ-संध्याकाळ वरळीचे, ताडदेवचे, भायखळ्याचे लोक तिथे फिरायला येतात. मी गेलो होतो तेव्हा कापडी बूट घातलेली आजीबाई, पट्टा न बांधलेला कुत्रा आणि पट्टा बांधलेला साहेब, असे तिघे एकाच वाटेवरून जाताना पाहिले. धनिकांच्या नावावर असलेली जागा गरीब-मध्यमवर्गीय पायांनी इतकी वापरलेली मी क्वचितच पाहिली आहे.

तिसरा पक्ष वारशाचा. जुने स्टँड, जुन्या कमानी, जुनी परंपरा. या पक्षाची भाषा सुंदर असते. दोष एवढाच, की वारसा म्हणजे इमारत अशी त्यांची समजूत असते. रेसकोर्सवर इमारती असतात किती? चार-दोन स्टँड आणि तबेले. बाकी सगळे गवत. त्या गवताला वारसा म्हणणारा अजून मला भेटायचा आहे.

चौथा पक्ष जनतेच्या उद्यानाचा, आणि तो इंजिनिअरसाहेबांनी कागदावर काढून दाखवला. आपल्या इंजिनिअरसाहेबांना रिकामा कागद आणि रिकामी जागा दोन्ही सहन होत नाहीत. त्यांनी टपरीवाल्याच्या हिशेबाच्या वहीचे पान फाडून घेतले आणि दहा मिनिटांत त्यात कारंजे, ओपन जिम, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, फुलपाखरांची बाग, खाद्यपदार्थांचे गाळे, सेल्फी पॉइंट आणि पार्किंग बसवले.

काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, "साहेब, यात मोकळं कुठं आहे?"

"हे सगळं मोकळंच आहे की."

"नाही, म्हणजे पोरगं पळालं तर कुठून पळंल?"

इंजिनिअरसाहेबांनी थोडा विचार करून कागदाच्या कडेने एक पट्टी काढली आणि तीवर 'जॉगिंग ट्रॅक' असे लिहिले.

माझ्या मते या वादावरचे सगळ्यांत नेमके भाष्य काकूंचे आहे. बाकी सर्व पक्ष एकमेकांशी भांडतात, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. त्या जागेवर काहीतरी असले पाहिजे. भांडण असते ते 'काय' याचे. 'काहीच नको' असे म्हणणाऱ्याला या वादात पाटच मांडलेला नाही. आपल्याला रिकामी जागा दिसली की अंगणात उष्टे पडल्यासारखे वाटते. कुणीतरी येऊन ते उचलावे, शेणाने सारवावे आणि वर रांगोळी काढावी, म्हणजे जीव थंड होतो. या रांगोळीला सरकारी मराठीत सुशोभीकरण म्हणतात.

आता एक गंमत पाहा. गेल्या दीडशे वर्षांत मुंबईतली किती खाजणे बुजली, किती वाड्या गेल्या, गिरण्यांच्या जमिनींवर किती मनोरे उभे राहिले! प्रत्येक वेळी हेतू चांगला होता. घरे हवी होती, कचेऱ्या हव्या होत्या, रस्ते हवे होते. सद्हेतूंनी सगळीकडची मोकळी जमीन खाल्ली आणि शहराच्या ऐन मध्यात दोनशे एकरांचा तुकडा शिल्लक राहिला तो एका दुर्गुणापायी. घोडा अडीच मिनिटे धावतो, पण त्या अडीच मिनिटांसाठी त्याला आडवे काही चालत नाही. वळणावर सेल्फी पॉइंट बांधला तर घोडा थांबून फोटो काढत नाही, जॉकीला खाली टाकतो. घोड्याला मैदान मैदान म्हणूनच लागते. नीतीने, समतेने आणि वारशाने जे मैदान वाचले नसते, ते घोड्याच्या टापांनी वाचवले. मास्तरांना हे मी सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा, वर्गातल्या सगळ्यांत उनाड मुलाचा पहिला नंबर आल्यावर व्हावा तसा झाला.

म्हणजे घोड्यांचे क्लब हे मोकळ्या जागेचे संत आहेत असे नव्हे. ज्या कॉलफील्डच्या नमुन्यावर महालक्ष्मी बेतले त्या मूळ मैदानाचीच गोष्ट घ्या. ती जमीन सरकारी आहे आणि तीन कामांसाठी राखलेली आहे: घोड्यांची शर्यत, सार्वजनिक क्रीडांगण आणि सार्वजनिक उद्यान. कागदावर तिघे सख्खे भाऊ. प्रत्यक्षात थोरल्याने घर बळकावले. 2014 साली तिथल्या महालेखापरीक्षकांनी अहवालात साफ लिहिले, की शर्यतीच्या तुलनेत जनतेच्या वाट्याला फारच कमी आले आहे. त्यानंतर कायदा करून नवीन विश्वस्त मंडळ नेमावे लागले. आईच्या घरी जे भांडण तेच लेकीच्या घरी, फक्त मधे समुद्र आहे.

याउलट हाँगकाँगला पाहा. तिथले हॅपी व्हॅली नावाचे रेसकोर्स हेही मुळात दलदलच. 1846 पासून तिथे घोडे धावतात. पण लंबगोलाच्या पोटात लोकांसाठी फुटबॉलची, हॉकीची, रग्बीची मैदाने केलेली आहेत. कडेने घोडे धावतात, मधे पोरे खेळतात, चारी बाजूंनी आकाशाला भिडलेल्या इमारती. महालक्ष्मीत सगळ्यांत महाग काय असेल तर तो मधला रिकामा लंबगोल. आणि त्याचे काय करावे हे शिकायला कुणाला शिष्टमंडळ न्यायचेच असेल तर ते इथे न्यावे. मी बरोबर यायला तयार आहे.

काही शहरांनी घोड्यांना निरोपच दिला. सिंगापूरमध्ये 180 वर्षांहून अधिक चाललेल्या शर्यतीची शेवटची फेरी 5 ऑक्टोबर 2024 रोजी झाली. ती जमीन आता घरांना लागणार. चेन्नईत गिंडीचे 160 एकरांचे रेसकोर्स सप्टेंबर 2024 मध्ये तामिळनाडू सरकारने ताब्यात घेतले, कारण क्लबकडे 730 कोटी रुपयांहून अधिक भाडे थकले होते. (एवढे भाडे थकेपर्यंत वाट पाहणारा घरमालक मला माझ्या भाड्याच्या दिवसांत भेटला नाही.) पण तिथे पुढे जे झाले ते मला आवडले. जमीन मिळाल्यावर तिथे पुराचे पाणी साठवायला तळी खोदण्यात आली. चेन्नईला 2015 साली पाण्याने जो धडा दिला तो कुणीतरी वहीत उतरवून ठेवला होता म्हणायचे.

आम्हा नागपूरकरांनाही असा धडा मिळालेला आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आभाळ फाटले, अंबाझरी तलाव ओसंडला आणि ज्या नाग नदीला आम्ही नाला म्हणायचो ती नदी आहे हे तिने घरात येऊन सांगितले. पाण्याला मुरायला जागा लागते. जागेवर आम्ही गट्टू बसवलेले. दुसऱ्या गावच्या वाचकांसाठी सांगतो, सिमेंटच्या ज्या चौकोनी-षट्कोनी विटांना बाहेर पेव्हर ब्लॉक म्हणतात त्यांना आम्ही गट्टू म्हणतो. नाव लाडाचे आहे. वाण्याच्या दुकानातल्या गुबगुबीत पोराचे असावे तसे. पण एकदा का गट्टू कुठे बसला की तो उठत नाही, आणि त्याच्या खाली पाणीही उतरत नाही.

हा गट्टू मी अगदी जवळून ओळखतो. आमच्या लेआऊटमध्ये एक मोकळा तुकडा होता. त्यात पोरे क्रिकेट खेळत, उन्हाळ्यात बायका पापड-कुरडया वाळवत, दसऱ्याला चार माणसे सोने वाटत आणि एरवी गाई बसत. एका कचेरीला (तिचे नाव कशाला घ्या?) तो दिसला. सुशोभीकरण झाले. आता तिथे जाळी आहे, जाळीला दार आहे, दाराला वेळ आहे आणि वेळेबाहेर कुलूप आहे. आत गट्टूची वळणावळणाची वाट, मधे हिरवळीचे चार तुकडे, आणि एक पाटी. पाटीवर लिहिलेय: हिरवळीवर चालू नये. चेंडू खेळू नये. सायकल आणू नये. फुले तोडू नयेत. जनावरे आणू नयेत. तिथे काय करावे, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही. पोरे आता रस्त्यावर खेळतात आणि गाईसुद्धा तिथेच बसतात. तुकडा मात्र फार सुंदर दिसतो, विशेषतः बाहेरून.

याच कारणाने मुंबईचा वाद वाचताना मला आमचे कस्तुरचंद पार्क आठवले. सर कस्तुरचंद डागा यांच्या नावाचे हे मैदान. सीताबर्डीच्या किल्ल्यापासून चालत जावे एवढ्यावर, मधोमध एक देखणी छत्री. पहिल्या श्रेणीचा वारसा म्हणून सरकारदरबारी नोंद. पार्क म्हणतात खरे, पण ते पार्क नाही, मैदान आहे. आणि हेच त्याचे मोठेपण. इथे प्रजासत्ताकदिनाचे संचलन होते, दसऱ्याला रावण जळतो, निवडणुकीला पुढारी जळफळतात, कधी प्रदर्शन लागते, कधी सर्कस उतरते. सगळे येतात, आपापला तंबू ठोकतात, खड्डे करून जातात. मैदानाची अवस्था अशी झाली की 2017 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून तिची दखल घेतली. मग सुधारणा आली, आणि सुधारणेबरोबर चालण्याचा ट्रॅक आला. 2019 साली त्यासाठी खोदकाम सुरू झाले तर जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या! 1817 साली ज्या सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, तिच्या पायथ्याशी तोफा निघाव्यात यात तसे आश्चर्य नाही. पण वेळ पाहा. शे-दोनशे वर्षे गुपचूप पडलेल्या तोफा नेमक्या सुशोभीकरणाच्या पहिल्या कुदळीला वर आल्या. मैदानाने आपल्या संरक्षणासाठी काढलेले हे शेवटचे शस्त्र असावे, असा माझा तर्क आहे. इतिहासकारांना तो मान्य नाही.

खड्डे बुजवू नयेत, दिवे लावू नयेत, असे माझे म्हणणे नाही. ज्या मैदानात पाय मुरगळतो त्याच्यावर कविता करणारा मी नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. दुरुस्ती आणि सजावट यांतला फरक आपण विसरलो आहोत. दुरुस्ती म्हणजे जी वस्तू ज्या कामाची आहे ते काम तिला परत नीट करता यावे. सजावट म्हणजे ते काम बंद पाडून तिला पाहण्याजोगी करणे. घरातल्या जात्याला टाके घालणे ही दुरुस्ती. त्याच जात्यात कुंडी ठेवणे ही सजावट. महालक्ष्मीच्या 91 एकरांवर दुरुस्ती होईल, कारण तिथे घोडा आहे आणि घोडा तक्रार करतो. 120 एकरांवर काय होईल याची मला धास्ती वाटते. तिथे तक्रार करायला कुणी नाही.

शर्यतीच्या मैदानाची दुरुस्ती कशी करावी हे आमच्या विदर्भातल्या खेड्यांना फार पूर्वीपासून कळलेले आहे. आमच्याकडे घोडे नसले तरी बैल आहेत. शंकरपट म्हणजे आमची डर्बी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरपासून पार झाडीपट्टीपर्यंत पट भरतात, जोड्या सुटतात, सेकंदांचा हिशेब होतो, आणि झाडीपट्टीत तर त्याच रात्री नाटकही होते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. 2021 च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलांचे हाल होऊ नयेत हे न्यायालयाचे म्हणणे रास्तच आहे. आमच्याकडच्या बैलांनाही ते मान्य असावे. पण मी सांगतोय ते मैदानाबद्दल. पट भरायचा म्हणजे गावकरी शेतातली जागा सारखी करतात, दगड वेचतात, ढेकळे फोडतात. झाले रेसकोर्स! पट संपला की ते पुन्हा शेत. भाडेपट्टा नाही, थीम नाही, उद्घाटनाची कोनशिला नाही.

आता नागपुरात घोडा नाही आणि बैल गावाकडे. मग आमच्या मैदानांसाठी तक्रार करणारे कोण, असा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर मला एका पहाटे, मंडळाच्या आधी घराबाहेर पडलो तेव्हा मिळाले. शहरातल्या कुठल्याही मैदानावर पाच वाजता जाऊन पाहा. अंधारात पावले वाजत असतात. पोलीस भरतीची पोरे! मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. कुणी भंडाऱ्याहून आलेला, कुणी गडचिरोलीहून, खोली करून राहिलेला. एक जण मोबाइलवर वेळ मोजतो आणि बाकीचे छाती फुटेस्तोवर धावतात. महालक्ष्मीला गिनीज म्हणून जी मानाची शर्यत होते तिचे अंतर किती असावे? 1600 मीटर. तेच अंतर. फरक एवढाच, की तिथल्या घोड्यावर दुसऱ्याचे पैसे लागलेले असतात आणि इथे धावणाऱ्यावर त्याच्या घराचे. त्या घराने दोन एकरांतला कापूस विकून खोलीचे भाडे पाठवलेले असते. याच्याइतकी मोठी बाजी मी महालक्ष्मीला पाहिली नाही.

त्यांतल्या एका पोराला, तो धापा टाकत थांबला तेव्हा, मी विचारले, "काय रे बाबू, इथं गट्टूचा चांगला ट्रॅक करून दिला तर?"

त्याने मान हलवली. "नको काका. गट्टूवर नडगी दुखते. मातीच बरी हाय."

"मग काही करायचंच नाही म्हणतोस?"

"करा ना. गोटे वेचून द्या. आन् पाणी मारा थोडं."

इंजिनिअरसाहेबांच्या अख्ख्या कागदावर, मुंबईच्या अकरा वर्षांच्या कल्पनांत आणि माझ्याही वरच्या सगळ्या समीक्षेत, मैदानाच्या नूतनीकरणाचा इतका स्वच्छ आराखडा मला दिसला नाही. खर्च कमी असल्यामुळे तो मंजूर होण्याची शक्यता मात्र कमी आहे.

तेव्हा मुंबईकरांना नागपूरहून एवढाच सल्ला. 120 एकरांत जे काय बसवायचे ते बसवा. कारंजे बसवा, फुलपाखरे बसवा. पण त्यातली एक 1600 मीटरची मातीची वाट आणि मधले थोडे रान तसेच ठेवा. त्याला दार नको, वेळ नको, पाटी नको. पाटी लावल्याशिवाय चैनच पडत नसेल तर तिच्यावर एवढेच लिहा: येथे धावावे. सरकार येत्या हिवाळ्यात आमच्याकडे आले की हेच मी समक्ष सांगेन. तर्री पोहे आमच्या मंडळाकडून.